घोड्याचीच वरात

कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखाने वीसच्या वर. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली तीच गुळाच्या व्यापारासाठी, आणि 2014 साली इथल्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. इतक्या गोड जिल्ह्यातल्या माणसाला गोडाचं अप्रूप नसावं. पण मधाचं नाव काढलं की हाच माणूस गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखा आवाज खाली आणतो. साखर वाईट, गूळ बरा, मध म्हणजे अमृत, अशी प्रतवारी ठरूनच गेलेली. डॉक्टरांनी बंद केलेला गोड चहा मध घालून पुन्हा सुरू होतो, आणि रिपोर्टात साखर वाढलेली दिसली की दोष लॅबवाल्याचा. मधात शेकडा 80 च्या आसपास साखरच असते आणि उरलेल्यात बहुतेक पाणी, हे त्याला कुणी सांगायचं? ही साखर उसातून आली की फुलातून, अशी चौकशी करायची रक्ताला सवय नाही.

रविवारी सुकं मटण आणि तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्यांवर वाट्या. सोमवारी सकाळी कढत पाण्यात लिंबू पिळून वर मोठा चमचा मध. ‘चरबी जळतीया.’ त्या चमच्यात साठेक कॅलरी असतात, म्हणजे आधी त्या जाळायच्या आणि मग कालच्या कटाचा नंबर. कुणी शंका काढलीच तर उत्तर तयार असतं: आयुर्वेदात सांगितलंय.

सांगितलंय, पण नेमकं उलट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात गरम मध स्पष्ट निषिद्ध आहे. मध तापवू नये आणि उष्णतेनं बेजार झालेल्या माणसाला तो देऊ नये. तूप आणि मध समप्रमाणात घेणं विरुद्ध आहारात मोडतं. सुश्रुताचं म्हणणं तर आणखी अडचणीचं. नवा मध अंग भरून आणतो, मेद झडवतो तो जुना. आमचा माणूस दुकानात बाटली उलटीपालटी करून ताजी तारीख शोधतो, ती कढत पाण्यात ओततो आणि दोन्ही आचार्यांचा शब्द एकाच पेल्यात बुडवतो. परंपरा पाळायची तर पुरी पाळा, नाहीतर तिच्या नावावर लिंबूपाणी पिऊ नका.

जुन्या घरांतून मध फार करून औषधाला सोबत म्हणून येत असे. सहाणेवर वैद्याची मात्रा उगाळायची, वेढे मोजायचे आणि ते चाटण घशाखाली उतरावं म्हणून बोटभर मध. सितोपलादी चूर्ण मधातून घ्यायचं ते चूर्णाच्या गुणासाठी. कुणाला द्यायचं, किती, कधी, कशाबरोबर, हे सगळं ठरलेलं असे. आम्ही वैद्य सोडला, मात्रा सोडली, पथ्य तर केव्हाच सोडलं आणि मध तेवढा धरून ठेवला. नवरदेव घरी बसलाय आणि घोड्याचीच वरात निघालीय. वाजंत्री मात्र जोरात.

या वरातीत सगळ्यांत पुढं कोण, तर तान्हं बाळ. ज्याला मध अजिबात द्यायचा नाही, त्यालाच आम्ही सगळ्यांत आधी चाटवतो. सोनं उगाळून, बोट बुडवून, आत्याच्या नाहीतर आजीच्या हातून, म्हणजे बाळाची वाणी गोड होते. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. मग बाळ मलूल पडतं, दूध ओढत नाही, रडण्यातलं बळ जातं. याला बोट्युलिझम म्हणतात. विरळा आहे, पण जिवावर बेतू शकतो. म्हणून एक वर्ष पुरं होईपर्यंत मध नाही, असं जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बीजाणू इतके चिवट की घरच्या चुलीवर मध उकळूनही मरत नाहीत. वाणी गोड व्हायची असेल तर घरातल्या मोठ्यांनी एकमेकांशी गोड बोलावं. तो उपाय कुणीच करून बघत नाही, कारण तो बाटलीत मिळत नाही.

मधाला सरसकट नापास करायचं कारण नाही. एका विषयात तो चांगल्या मार्कांनी पास आहे: खोकला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2020 साली आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सर्दी-खोकल्यात मध नेहमीच्या उपचारांपेक्षा उजवा ठरला. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं 2018 सालीच साध्या खोकल्याला अँटिबायोटिकच्या आधी मध, असा सल्ला दिला होता, वर्षाच्या आतली बाळं वगळून. म्हणजे आजीचं चुकलं नव्हतं. पण आजी एक चमचा देऊन बरणी फडताळात वर ठेवायची. आम्ही बरणी टेबलावर ठेवली आणि आजीला वर ठेवलं.

जखमेलाही मध चालतो, आणि त्यामागं कारण आहे. त्यात पाणी इतकं कमी आणि आम्लता इतकी की जिवाणूंना तग धरवत नाही. शिवाय त्यातल्या एका विकरामुळं थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. पण दवाखान्यात जखमेवर लावतात तो मध किरणांचा मारा करून निर्जंतुक केलेला असतो. लोणच्याच्या बरणीत फिरून आलेला चमचा ज्यात बुडतो, तो नव्हे.

आता सौंदर्य. मध-हळद, मध-बेसन, मध-लिंबू. मध कातडीत ओलावा धरून ठेवतो, तासभर गाल मऊ लागतात, इथवर ठीक. लिंबू लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळे डाग उठू शकतात, आणि मग ते घालवायला पुन्हा मध-लिंबू. अंबाबाईच्या मूळ मूर्तीची झीज होते म्हणून तिच्यावरचे पंचामृताचे अभिषेक थांबवले, 2015 साली पुरातत्त्व खात्यानं मूर्तीचं रासायनिक संवर्धन केलं. देवीची सुटका झाली, लेकींची व्हायची आहे. एक कामकरी माशी उभ्या हयातीत चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा मध करते, असा हिशेब सांगतात. दोन चमच्यांचा लेप म्हणजे चोवीस माश्यांचा जन्म. वीस मिनिटांनी तो मोरीत, मोरीतून गटारात आणि तिथून पंचगंगेत. नदीच्या वाट्याला कधी नव्हे ते काही शुद्ध आलं म्हणायचं.

शुद्ध असेल तर. हमरस्त्याच्या कडेला स्टीलची बादली घेऊन माणूस बसलेला असतो. बादलीवर आग्या मोहोळाच्या पोळ्याचा तुकडा, त्यावर दोन-चार माश्या फिरवलेल्या, शेजारी धुतलेल्या क्वार्टरच्या बाटल्यांची रांग. तो पोळं तुमच्या डोळ्यांदेखत पिळतो. वरचं पोळं खरं, माश्या खऱ्या, खालचा बादलीतला पाक कुठला ते विचारायचं नाही. गिऱ्हाईकही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो. तो पेल्यातल्या पाण्यात थेंब सोडतो, काडी मधात बुडवून पेटवून बघतो, कुत्र्याला हुंगायला देतो. घट्ट पाकाचा थेंबही पाण्यात सरळच तळाशी जातो. आणि कुत्र्याला अन्नभेसळ खात्यात अजून कुणी नेमलेलं नाही.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेनं 2020 साली बाजारातल्या 13 ब्रँडचा मध तपासून घेतला. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत बड्या नावांपैकी बहुतेक पास झाली. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर चाचणीला बसवलं तेव्हा सगळ्या कसोट्यांना उतरले तीन. कंपन्यांनी आरोप फेटाळले. चाचण्यांना चकवणारा साखरेचा पाक बाजारात मिळतो, असंही त्या तपासात निघालं. काडी पेटवून शुद्धता ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट वाचली असेल, पण काडी अजून पेटतेच आहे.

खरा मध जिल्ह्यातच आहे. भुदरगड तालुक्यात, सह्याद्रीच्या कडेला, मौनी महाराजांचं पाटगाव. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या ‘मधाचे गाव’ योजनेत 2022 साली महाबळेश्वरजवळचं मांघर आलं, त्यानंतर पाटगावचा नंबर लागला. पेटीतल्या सातेरी माश्यांचा मध पोळं न पिळता काढता येतो. चौकट यंत्रात फिरवायची, मध निघाला की रिकामी चौकट परत पेटीत. माश्यांना घर नव्यानं बांधावं लागत नाही. सातेरीची पेटी देऊन देऊन देते किती, तर वर्षाकाठी काही किलो. ती फुलावर जाता जाता शिवाराचं परागीभवन करते, त्याचं बिल मात्र कधी लावत नाही.

आणि या मधाचं गिऱ्हाईक कसं? न्यूझीलंडच्या मनुका मधाच्या इवल्या डबीला हजारो रुपये मोजताना ‘ओरिजिनल हाय’ म्हणणारा माणूस इथं मधपाळाशी वीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. थंडीत मध थिजून रवाळ झाला की तीच बाटली परत घेऊन येतो: ‘साखर घातलीसा!’ मधातल्या ग्लुकोजचे खडे होतात. अस्सल मधाला ते लागूच आहे. थिजलेली बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की पुन्हा पातळ होते. बारा महिने पातळ आणि चकाकणारी बाटली मात्र कुणी परत आणलेली नाही.

तेव्हा पाटगावच्या वाटेला गेलात तर एक बाटली घ्या आणि सांगितलेला भाव द्या. घरी आलात की पेल्यात थेंब सोडू नका, गालाला फासू नका, पाळण्याकडं नेऊ नका. ताज्या भाकरीला लावा आणि खा. त्यानं काही बरं होणार नाही. जेवण तेवढं बरं होईल.