वरच्यांनी ठरवलेले बरे

अमेरिकेत कायदे करण्याचा फार पसारा. वॉशिंग्टनचे वेगळे, राज्याचे वेगळे, आणि व्हर्मांटसारख्या राज्यात तर मार्चमध्ये गावकरीच सभा भरवून गावाचा अर्थसंकल्प मंजूर करतात. सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याला असली दगदग नाही. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, तरी कारभार राज्याच्या 1965 च्या कायद्याने चालतो. उपविधी करायचा तर मंजुरी वरून आणायची. 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी 18 विषयांचे ताट वाढून ठेवले खरे, पण त्यातले काय खायचे ते मुंबईने सांगायचे. अपचनाचा धोकाच नाही.

या व्यवस्थेचे खरे तेज नगराध्यक्षाच्या निवडीत दिसते. 2016 मध्ये राज्याने ठरवले की, जनतेने थेट निवडणे हीच लोकशाही. सरकार बदलले आणि 2020 मध्ये नगरसेवकांनी निवडणे हीच लोकशाही ठरली. 2022 मध्ये पुन्हा सरकार बदलले, पुन्हा थेट. कोणी म्हणेल, गावाला विचारले का? विचारले असते तर गावाने एकच उत्तर दिले असते आणि एवढ्या चिंतनाला आपण मुकलो असतो. उलट पुढचे पाऊल टाकावे: सकाळी दिलेले थेट मत, दुपारी अध्यादेश निघाल्यास, अप्रत्यक्ष धरावे. धरसोडीचा आरोप तर टिकतच नाही, कारण तत्त्व पक्के आहे: थेट निवडलेला माणूसच जनतेला बांधील राहतो. म्हणून सरपंच थेट, नगराध्यक्षही थेट.

मुख्यमंत्री मात्र आमदारांतून ठरतो.