आधी अँटीव्हायरस बंद करा म्हणे!

"अवं मॅडम, हाय का घरी? ह्या मुंगन्याच्या शेंगा धर आंधी. अन् मले एक सांग, थे अँटीव्हायरस बंद केलं त काय होते?"

शेंगा आणि प्रश्न दोन्ही एकदमच भिंतीवरून अलीकडे आले. वाशिमात माझा एमएस-सीआयटीचा क्लास आहे, त्यामुळे कॉलनीत रिमोटपासून इन्व्हर्टरपर्यंत जे काही बंद पडतं ते माझ्या खात्यावर. पण अँटीव्हायरस कोणी हाताने बंद केला म्हटल्यावर माझे कान टवकारले.

"कोणी केलं बंद, काकू?"

"कोन म्हंजे? आमचा दिवटा. अकरावीत गेल्यापासून कॉम्प्युटरपुढून उठतच नाई. आता तोंड पाडून बसला. गेमातलं खातं गेलं म्हनते. दिवायीत मोठ्यायनं हातावर ठेवलेले पैसे त्यातच घातलते. अन् रातच्याले त्याच्या मायच्या इन्स्टाग्रामवरून साऱ्या गोताले मेसेज गेला, बिटकॉइनात पैसे लावा, दुप्पट होते. पुसदवाल्या लेकीचा मले फोन, वहिनीनं हा कोनता धंदा काढला म्हनून!"

"त्यानं गेममध्ये काही बाहेरचं टाकलं होतं का?"

"हॅक म्हनते त्याले. थे टाकलं का भितीपलीकडचा मानूस दिसते. म्या म्हनलं, भितीपलीकडचं त मले चायीस वर्सापासून दिसून राह्यलं. मले कधी सॉफ्टवेअर लागलं नाई!"

यात काडीचीही अतिशयोक्ती नाही. कोणाच्या दारात कोणती गाडी किती वेळ थांबली, हे काकूंना पोलिसांच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त माहीत.

मी म्हटलं, बोलवा त्याला. आला बिचारा. मोबाइलवर त्यानं तो व्हिडिओ दाखवला, ज्यावरून हे सगळं उतरवून घेतलं होतं. चकचकीत व्हिडिओ, त्याखाली एक लिंक, प्रतिक्रिया लिहिण्याची सोय बंद. लिंकवर एक झिप फाइल आणि शेजारीच तिचा पासवर्ड लिहिलेला, एक दोन तीन चार. पहिली सूचना, विंडोजमध्ये जाऊन रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद करा. दुसरी, हा फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये टाका, म्हणजे नंतर चालू केला तरी अँटीव्हायरस तिकडे ढुंकून पाहणार नाही.

"फाइलला पासवर्ड कशासाठी लावला असेल रे?"

"सेफ्टीसाठी, मॅडम."

"कोणाच्या?"

पोरगं गप्प. त्याला सांगितलं, पासवर्डनं बांधलेल्या गठ्ठ्यात काय आहे हे अँटीव्हायरसला बाहेरून वाचता येत नाही. फाइल तुझ्या घरापर्यंत बिनबोभाट यावी म्हणून तो पासवर्ड. घरात आल्यावर तू गठ्ठा सोडणार, तेव्हा मात्र ती पकडली जाणार, म्हणून अँटीव्हायरस आधीच बंद करून घेतला. दोन्ही कामं तुझ्याच हातून.

"पण मॅडम, सगळेच हॅकवाले सांगतात की अँटीव्हायरस खोटं पकडते. फॉल्स पॉझिटिव्ह."

यात अर्धं खरं आहे, आणि घात त्या अर्ध्यातच आहे. गेममध्ये लबाडी करून देणारं खरंखुरं हॅक असलं तरी ते काय करतं? दुसऱ्या चालू प्रोग्रामच्या मेमरीत हात घालतं, तिथले आकडे वाचतं, बदलतं. कित्येक व्हायरसही तेच करतात. म्हणजे खरं हॅक असो की चोराचं, अँटीव्हायरस दोघांवर सारखाच ओरडणार. पोरांना ओरडण्याची सवय झाली की चोराला आणखी काय पाहिजे? मला स्वतःला या प्रकरणात व्हायरसपेक्षा ही सवयच जास्त भयंकर वाटते.

"२०२२ मध्ये कॅस्परस्की कंपनीनं असंच एक गाठोडं उघडं पाडलं होतं," मी म्हटलं. "गेमचे हॅक आणि क्रॅक म्हणून वाटायचे. आत रेडलाइन नावाचा पासवर्डचोर. ते गाठोडं चोरी तर करायचंच, वर ज्याच्या कॉम्प्युटरवर बसलं त्याच्याच यूट्यूब चॅनलवर तसलाच व्हिडिओ आपोआप चढवायचं."

"मायबाई! म्हंजे ज्याले लुटलं त्याच्याच तोंडून पुढच्याले आवतन?"

"पण ओटीपी त आलाच नाही मॅडम," पोरगं म्हणालं. "आईच्या मोबाइलवर काहीच नाही आलं."

ही शंका मला क्लासमध्येही नेहमी ऐकू येते. ब्राउझरमध्ये आपण एकदा आत शिरलो की तो आपल्याजवळ एक खूण जपून ठेवतो, हा माणूस तपासून झालेला आहे, पुन्हा विचारू नका. कुकी म्हणतात ती. चोर साठवलेले पासवर्ड तर नेतोच, पण ही खूणही उचलतो. मग त्याला ना पासवर्ड विचारला जातो ना ओटीपी. सूनबाईंनी कधीतरी त्याच कॉम्प्युटरवर इन्स्टाग्राम उघडलं असणार. मी विचारलं, बँकेचं नेटबँकिंग कोणत्या कॉम्प्युटरवर करता?

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "त्याच्यावरच! सोयाबीनचे पैसे त्याच खात्यात हायेत बाप्पा! लाव रे तुह्या बापाले फोन!"

पोरगं आत पळालं. मी मागून ओरडून सांगितलं, आधी त्या कॉम्प्युटरचं नेट काढ, आणि पासवर्ड बदलायचे ते बापाच्या मोबाइलवरून बदला, त्या मशीनवरून नाही. नाहीतर नवा पासवर्डही चोराच्याच हातात. बहुतेक खात्यांत 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' असं एक बटन असतं, ते दाबायचं, म्हणजे चोरलेली खूण बाद होते. पैसे गेले असले तर तिथल्या तिथे १९३० नंबरला फोन. जेवण करून मग करू, असं म्हणायचं नाही, कारण गेलेला पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतो.

पैसे जागेवर होते. बाप शेतातून बोलला ते मात्र इथे छापण्यासारखं नाही.

काकू जरा सावरल्या. "मंग थे अँटीव्हायरस चालू ठेवाले काय झालतं याले?"

"गेम अटकते आजी. एफपीएस पडते."

हे मात्र पूर्ण खोटं नव्हतं. खोदून विचारलं तर निघालं असं की दुकानदारानं कॉम्प्युटर देताना एक अँटीव्हायरस टाकून दिला होता, आणि या शहाण्यानं नेटवरून आणखी एक फुकटचा आणून बसवला. एकानं फाइल तपासायला उघडली की दुसरा ती उघडणाऱ्यालाच तपासतो.

"एका चुलीवर दोन सुना!" काकू म्हणाल्या. "भाकर करपनारच."

त्यातून रोजच्या स्कॅनची वेळ दुपारची, आणि हा खेळायला बसतो तोही दुपारीच. एक अँटीव्हायरस काढून टाक म्हटलं. बरं, कोणताच विकत घ्यायचा नसेल तर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असतोच, दुसरा बसवला की तो आपणहून बाजूला होतो आणि दुसरा काढला की पुन्हा उभा राहतो. खेळणाऱ्यांसाठी बहुतेक अँटीव्हायरसमध्ये गेम मोड असतो. क्विक हीलमध्ये त्याला सायलेंट मोड म्हणतात. मध्येच खिडक्या उघडून सूचना येणं थांबतं, पहारा चालूच राहतो. बाकी चार जीबी रॅमवर आणि दुपारच्या नेटवर गेम अडकला तर त्यात अँटीव्हायरसचा काय दोष?

"हे अँटीव्हायरस अमेरिकेतून येते का वं?"

"हा क्विक हील पुण्याचा, काकू. कैलास आणि संजय काटकर, दोघं भाऊ, मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे. कैलास काटकर दहावीनंतर शिकले नाहीत. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, मग कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच फार निघायचे. धाकटे संजय पुण्यात कॉम्प्युटरच शिकत होते, त्यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. १९९५ च्या सुमारास विकायला काढला, आणि २०१६ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात गेली."

पोरगं तेवढ्यात परत आलेलं. त्यानं एवढ्यातलं नेमकं तेवढंच उचललं. "पाहा आजी! दहावीच शिकले होते!"

"थे मशीन दुरुस्त करत होते रे," काकू म्हणाल्या. "तू बिघडवून राह्यला."

त्या काळात मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस फार गाजला होता. वर्षभर गुपचूप बसायचा आणि ६ मार्चला, त्याच नावाच्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसायला घ्यायचा. १९९२ मध्ये त्याच्या भीतीनं जगभर अनेकांनी त्या दिवशी कॉम्प्युटर लावलेच नव्हते. काटकरांच्या सुरुवातीच्या औषधांपैकी एक याच रोगावरचं. गंमत अशी की आयबीएमच्या पीसीवरचा पहिला व्हायरस, १९८६ चा ब्रेन, तोही दोघा भावांनीच केलेला, लाहोरच्या.

आणि खेळाचं नातं तर त्याहून जुनं. १९८२ मध्ये अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या पोरानं, रिच स्क्रेंटानं, एल्क क्लोनर नावाचा व्हायरस लिहिला. तो पसरला कशातून? मित्रांना दिलेल्या गेमच्या फ्लॉपीतून. दर पन्नासाव्या वेळी कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर एक कविता यायची, बस. काही चोरायचा नाही. पोरांची वात्रट थट्टा होती ती.

पोरगं आता हुशारीत आलं. म्हणालं, "मॅडम, गेमवाल्या कंपन्याच आता स्वतःचा पहारेकरी टाकतात. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड असते."

बरोबर होतं त्याचं. २०२० मध्ये आलेल्या त्या गेमचा व्हॅनगार्ड कॉम्प्युटर सुरू होतानाच जागा होतो आणि विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, बसतो. हॅक करणारे खोल शिरले म्हणून पकडणाराही खोल शिरला. पण एवढ्या आत बसवलेल्या वस्तूचा पुढे कोण काय उपयोग करील, याचा भरवसा कोणी द्यावा? गेन्शिन इम्पॅक्ट नावाच्या गेमचा असाच एक ड्रायव्हर होता. २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रो कंपनीनं दाखवलं की खंडणीखोर तो ड्रायव्हर स्वतः सोबत आणतात आणि त्याच्या जोरावर समोरच्याचा अँटीव्हायरस बंद पाडतात. ड्रायव्हरवर कंपनीची खरी डिजिटल सही, म्हणून विंडोज अडवत नव्हतं. ज्याला लुटलं त्यानं तो गेम कधी पाहिलेलाही नसला तरी चालायचं. माझ्या मते ज्या कॉम्प्युटरवर बँक चालते त्यावर असले गेम ठेवूच नयेत, पण वाशिमात एका घरात दोन कॉम्प्युटर कोण घेणार? निदान विंडोजमध्ये आईबापाचं खातं वेगळं आणि पोराचं वेगळं, आणि पोराच्या खात्याला काही बसवण्याचा अधिकार नाही, एवढं तरी करता येतं. पैसा लागत नाही त्याला.

"आता विंडोज नवीन टाकावं लागेल," मी सांगितलं. "आणि दहा असेल तर अकरा टाक. दहाचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतलाय."

"म्हणजे सगळे गेम पुन्हा डाउनलोड?" त्याचा चेहरा खातं गेलं तेव्हाही इतका उतरला नसेल.

काकूंनी त्याला आत हाकललं आणि आवाज खाली आणला, म्हणजे आता खरी बातमी. "यायच्या गेमचं एक वेळ परवडलं. थो मांगच्या गल्लीतला, नोकरीवाला, रमीत किती घालून बसला ठाव हाय का? सरकारनं बंद केली म्हनते, मंग आता काय खेयते थो?"

बंद झाली हे खरं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा, माणिकराव कोकाट्यांचा, विधान परिषदेत मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला होता. गेम आपोआप आला, आपण तो बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे कृषी खातं काढून त्यांना दिलं गेलं ते क्रीडा खातं.

"थे मले ठाव हाय," काकू म्हणाल्या. सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात ही गोष्ट कोणाला सांगावी लागत नाही.

पण कायद्यानंतर दुकानं बंद झाली तरी गिऱ्हाईक तसंच तडफडत राहिलं. प्ले स्टोअरवर मिळत नाही म्हटल्यावर लोक व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल घेतात. पब्जीच्या वेळी हेच झालं. २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली आणि पोरांनी कुठून कुठून फायली आणून टाकल्या. अशी फाइल बसवताना मोबाइल विचारतो, एसएमएस वाचू द्यायचे का, आणि लोक हो म्हणतात. मग ओटीपी सरळ चोराकडे.

काकू एकदम गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी क्वचितच पाहिलंय.

"काय झालं?"

"नाई, काई नाई. थो लुडो हाय नं माह्या फोनात. त्याचा नवा अपडेट म्हनून कोनी फाइल धाडली ग्रुपवर. म्या टाकली नाई आजून, पन चार जनीनं टाकली."

"काकू, टाकू नका! कोणत्या ग्रुपवर? पुसून टाकायला सांगा सगळ्यांना."

"भजनी मंडयाच्या. धाडली आपल्या अध्यक्षीनबाईनं. आता तिले कोन सांगन? मांगच्या महिन्यात निसतं म्हनलं होतं का टायाचा हिशेब दाखवा, त आजून बोलत नाई माह्याशी."