दिशांचे दफ्तरदार

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर निळ्या ताडपत्रीखाली जी बुलेट उभी असते, तिच्या हँडलला एक काळा, भक्कम माउंट आवळून बसविलेला आहे, आणि एक दिवस वगळता त्या माउंटवर गेल्या तीन वर्षांत काहीही बसलेले नाही. गादी रिकामी असली तरी तिची झाडलोट चुकवू नये, या निष्ठेने दर रविवारी सकाळी पिवळ्या फडक्याने तो पुसणारे गृहस्थ हेच या लेखाचे नायक होत. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, ग्रॅच्युइटीच्या रकमेतून त्यांनी बुलेट घेतली, आणि सारा महाराष्ट्र पालथा घालण्याचा संकल्प सोडला. मात्र तत्पूर्वी तो महाराष्ट्र दाखविणारे यंत्र यथाविधी निवडले पाहिजे, अशी एक अट त्यांनी स्वतःच्याच दरखास्तीवर स्वतःच्याच हस्ताक्षरात घातली, आणि तेव्हापासून ते प्रकरण तहकूब आहे.

अशा गृहस्थांची एक जमातच आहे, व पुण्याची हवा तिला विशेष मानवते. खूण अशी की, यांना रस्ता विचारला तर हे रस्ता सांगत नाहीत. तुमच्यापाशी यंत्र कोणते, ते विचारतात. "मोबाइल आहे की," असे भाबडे उत्तर मी एकदा दिले, तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि मयताच्या वारसांशी ज्या स्वरात बोलावे त्या स्वरात मोबाइलविरुद्धची कैफियत ऐकविली: उन्हात पडदा दिसत नाही, हातमोज्याला तो दाद देत नाही, पावसाच्या थेंबाला बोट समजून भलतीच गावे उघडतो, आणि मोठ्या इंजिनाच्या हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, हे तर खुद्द ॲपल कंपनीने 2021 मध्ये लेखी कळविले आहे. 'लेखी' या शब्दावर ते जो क्षणभर थांबले, तो थांबा ज्याने ऐकला नाही त्याला सरकारी नोकरीतले काव्य कळावयाचे नाही.

मग खास मोटरसायकलीचे यंत्र का घेत नाहीत? त्याचे दफ्तर निराळे, लाल फितीत बांधलेले. गार्मिनच्या झुमो एक्सटीचा पडदा साडेपाच इंची, टॉमटॉमच्या रायडरचा 4.3 इंची, पहिला डोळ्यांना सोयीचा, दुसरा हँडलला, या वादात दोन पावसाळे गेले. दोन्ही यंत्रे जलरोधक खरी, पण त्यांच्या 'आयपीएक्स7' या दर्जाचा अर्थ 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे, असा खुलासा हाती येताच त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "ताम्हिणीच्या पावसाला अर्ध्या तासाची मुदत कोणी घालून दिली आहे?" आतून काकूंचा आवाज आला, "मला पाहायला आले होते तेव्हा अर्ध्या तासात होकार दिला होता यांनी!"

पुढे उपग्रहांचे प्रकरण निघाले. आपले ठिकाण मुक्रर करण्यास किमान चार उपग्रह लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा यंत्राच्या घड्याळातली चूक काढण्यासाठी. ही चौघा पंचांची व्यवस्था त्यांना बेहद्द पसंत पडली. परंतु सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरचे हे पंच अमेरिकेचे, आणि मे 2000 पर्यंत अमेरिकी सरकार नागरिकांकडे येणारा त्यांचा संदेश मुद्दाम बिघडवून सोडीत असे, हे वाचल्यावर त्यांची झोप उडाली. "सनद देणारा ती परतही घेतो. खंबाटकीचे वळण आम्ही काय वॉशिंग्टनच्या मर्जीने घ्यायचे?" तेव्हापासून भारताच्या 'नाविक' उपग्रहांचा आधार असल्याचा दाखला ते दुकानात मागतात, आणि दुकानदार चहा सांगून येतो म्हणून जो जातो तो परत येत नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे, आणि मोटारीच्या हिशेबाने चालणारे यंत्र बिचाऱ्या दुचाकीस्वाराला नेमके त्याच्याच तोंडाशी नेऊन सोडते. गूगलने दुचाकीचा मार्ग निराळा दाखविण्यास भारतात आरंभ केला तोही 2017 च्या डिसेंबरात.

अपवादाचा तो एक दिवस उगवला तेव्हा भाच्याचे यंत्र उसने आणून आम्ही वरंध घाटाने महाडला निघालो. मागच्या बैठकीवर मी होतो. भाच्याने त्यात 'वळणदार रस्ते' हा पर्याय चालू ठेवला होता. सह्याद्रीत राहणाऱ्याने वळणे निराळी मागून घ्यावीत, ही कल्पनाच विलायती! भोर मागे पडल्यावर यंत्रातल्या बाईंनी दोनदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळविले, डांबर संपले, खडी संपली, आणि आम्ही एका गोठ्यात, म्हशीच्या समोरासमोर उभे राहिलो. बाईंचे म्हणणे, सरळ चला. शेजारी गोवऱ्या थापणारी आजी हात न थांबवता म्हणाली, "म्हाडला जायाचं व्हय? मागं फिरा, बाबा. देवळापासनं डांबरी धरा, आन् ती सोडू नगा."

मला वाटले, आता फिरू. पण गृहस्थ खाली उतरले, हातमोजे काढले, खिशातली वही काढून तारीख-वेळ घातली, आजीची जबानी शब्दशः उतरून घेतली आणि शेवटी तिला गट नंबर विचारला. तिने म्हशीकडे पाहिले. महाडला आम्ही टपऱ्या-टपऱ्यांवर विचारीत सुखरूप पोहोचलो, आणि ती जबानी आज लाल फितीच्या दफ्तरात सर्वांत वर आहे.

तरी जुलै महिन्यात ताम्हिणीत अर्ध्या तासाहून अधिक भिजूनही शाबूत राहिलेले यंत्र कोणा वाचकापाशी असेल, तर त्याने ते घेऊन अवश्य यावे. गृहस्थ दर रविवारी घरीच असतात.