शिरोळच्या उन्हात बर्फ

एबीएस ही ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे. जाम झालेले चाक घसरते आणि पुढची चाके घसरू लागली की गाडी स्टिअरिंगचे ऐकत नाही. म्हणून प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. एखादे चाक अडायला लागले की संगणक त्याच्या ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडतो आणि धरतो. पायाखाली पेडल थरथरते ते त्यामुळे. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना ती सक्तीची आहे.

ही यंत्रणा कोणासाठी घडवली, ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात उसाच्या गळीत हंगामात कळते. दत्त साखर कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस आणि कानठळ्या बसवणारी गाणी. शेतातून निघताना चाकांनी काळ्या रानाचा चिखल डांबरावर आणून ठेवलेला. दत्ताच्या नृसिंहवाडीला मोटारीने निघालेला भाविक घाबरून ब्रेकवर उभा राहतो. दोन चाके डांबरावर, दोन चिखलात. तरी गाडी आडवी होत नाही. श्रेय दत्तमहाराजांना जाते. यंत्रणेची त्याबद्दल तक्रार नसते.

तक्रारी सुरू होतात ट्रॅकवर. कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर पोरे कार्टिंग शिकतात. कार्टला एबीएस नसते आणि बहुतेक कार्टचा ब्रेक फक्त मागच्या आसाला लागतो. पाय जोरात पडला की कार्ट गर्रकन फिरते आणि धडा तिथल्या तिथे मिळतो. स्पोर्ट्‌स कारमध्ये धडा उशिरा मिळतो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, त्यातली एक सरळ वाट किलोमीटरभराची. तिच्या टोकाला चालक पेडलवर लाथ हाणतो. गाडीचे वजन अजून पुढच्या चाकांवर आलेले नसते, त्यात वाटेत उंचवटा येतो आणि चाक क्षणभर अडते. चाक इतक्या झटक्यात थांबते ते बर्फावरच, असे संगणकाचे शिक्षण. तो दाब काढून घेतो. पेडल दगडासारखे होते आणि गाडी पुढे जात राहते. चालक याला ‘आइस मोड’ म्हणतात. डांबरावर भाकरी भाजावी असे ऊन असते आणि संगणक मनाने काश्मीरला गेलेला असतो.

एबीएस फसण्याची इतर कारणेही आहेत. पुढच्या-मागच्या टायरांचे माप हौसेने बदलले की चाकांच्या वेगाचा मेळ बसत नाही. उष्णतेने सेन्सर किंवा त्याची वायर खराब होते. बेअरिंग ढिले झाले की सेन्सर भलतेच आकडे सांगतो. ब्रेक ऑइल उकळते तेव्हा मात्र एबीएसला उगाच बोल लागतो. डॉट ४ जातीचे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत टिकते. ओल शोषलेले १५५ अंशांनंतर भरवशाचे राहत नाही. ओळख सोपी आहे: पेडल मऊ होऊन तळाला गेले तर तेल, दगड झाले तर एबीएस.

सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे एबीएसचा फ्यूज उपटणे. पण मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा, हा हिशेबही बहुधा त्याच संगणकाकडे असतो. तो गेला की मागची चाके आधी अडतात, टायर एकाच जागी घासून चपटा होतो आणि त्याची किंमत घरी सांगता येत नाही. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसला बंदी आहे. पण तिथल्या चालकांना त्याचेच पैसे मिळतात. जीटी३ शर्यतींतल्या गाड्यांना एबीएस असते, मात्र ती शर्यतीसाठीच घडवलेली आणि चालकाला कमी-जास्त करता येणारी.

बाकीच्यांनी ब्रेक चटकन पण चढत्या जोराने दाबावा, हाणू नये. पेडल दगड झाले तर पाय क्षणभर उचलून पुन्हा दाबावा. भिंत जवळ येत असताना हे सुचणे, हीच खरी तालीम. आणि फ्यूज काढलाच असेल, तर परतीला निघण्यापूर्वी जागेवर बसवावा. शिरोळच्या रस्त्यावर अंधारात पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच, असे नाही.