दातमोज्या

साखऱ्यात सायकल उभी करून कुणी चहाला गेला, की परत येईस्तोवर तिच्या मागच्या चाकाशी एक माणूस उकिडवा बसलेला असतो. बोटं काळीकुट्ट, ओठ पुटपुटताहेत. चोर नव्हे, दात मोजतोय.

"मोरं चव्वेचाळीस, मागं अठरा. कामून?"

मालक बिचारा म्हणतो, "दुकानातून तशीच आली." मग दातमोज्या अशी कीव करतो, जणू त्यानं दात न बघता बैलच घेतलाय.

पुण्यात चार वर्षं शिकून त्यानं गावी आणलं ते फिक्सीचं वेड. फिक्सी म्हणजे फ्रीव्हील नसलेली सायकल. चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणार, पायांना सुट्टी नाही. आता उतारावर पाय सोडून मागची कटकट ऐकत जाणं, हे सायकलीचं निम्मं सुख. ते काढून टाकायला हा वर पैसे मोजणार!

त्यासाठी वडिलांची अठ्ठावीस इंची सायकल चेन उतरवून भिंतीला टेकवली. दोन वर्षं ती तिथंच, कारण दात ठरेनात. पुढं ४८, मागं १६ घेतले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे तीन फेरे, म्हणजे साडेसहा मीटरच्या वर. पण सेनगावच्या वाटेवर समोरून वारं आलं तर? ४४ ला १८ घेतले तर साडेपाच मीटरसुद्धा भरत नाही. उतारावर पाय शिलाई मशीनसारखे.

शिवाय टायरचा प्रश्न. एकदा पंक्चरवाल्या मामांना त्यानं तासभर समजावलं: पाय आवळून चाक घसरवत थांबायचं. ४८ ला १६ नं निःशेष भाग जातो, म्हणून तोच पाय पुढं ठेवला तर टायर दर वेळी एकाच जागी झिजतं. ४७ ला १७ घेतले की झीज सतरा जागी वाटली जाते.

मामांनी ट्यूब पाण्यात दाबत विचारलं, "अन् ब्रेक लावला तर?"

मामांशी बोलणं बंद. पुढं कुणीतरी "फ्रीव्हीलला वेल्डिंग मार अन् हो मोकळा" म्हणालं, त्याच्याशीही. साध्या हबवर नुसती चकती आवळली तर पायांनी उलटा जोर देताच ती सुटते, तिला उलट्या आट्यांची कडी लागते. हे दातमोज्याचं म्हणणं मात्र खरं आहे. पण खरं बोलणाऱ्याची सायकल भिंतीलाच.

यंदा सोयाबीन वीस दिवसांचं झालं, तण मातलं आणि वडिलांचा धीर सुटला. त्यांनी सायकलचं पुढचं चाक काढलं, मागं पास जोडली, दांडी धरली. झालं सायकल कोळपं. ना चेन, ना दात.

दातमोज्या धावत रानात गेला. आता भांडण होणार म्हणून आम्हीही मागोमाग. पण तो कोळप्याशी उकिडवा बसला, पासेला वीत लावली.

"नऊ इंची? मी सात घेतली असती."

"घे की," वडील दांडी त्याच्या हातात देत म्हणाले. "पर अगुदर एवढी चार तासं काढून ये."