तारण, जामीन आणि उभी उडी

माणसाची पारख मला उपजत आहे, असं मी बँकेच्या कर्ज विभागात असताना सगळ्यांना सांगत असे, आणि मी साहेब असल्यामुळे कुणी हसत नसे. गॅरेज काढायचं म्हणून आलेल्या एका तेलकट हातांच्या पोराचा अर्ज मी ‘अर्जदारास आत्मविश्वास गरजेपेक्षा जास्त’ असा शेरा मारून परत पाठवला होता. हल्ली माझी स्कूटर त्याच्याच शोरूममध्ये सर्व्हिसिंगला जाते, आणि मी आलो की तो केबिनमधून उठून येऊन, खुर्ची देऊन, स्वतःच्या हाताने मला चहा आणून देतो. साखर मुद्दाम जास्त घालतो.

ही अशी तयारीची पारख घेऊन मी भर थंडीत मुलाकडे एडिसनला, न्यू जर्सीत, जाऊन पडलो. बाहेर बर्फ, आत हीटर, मुलगा आणि सून लॅपटॉपला चिकटलेले, हिने वाणसामानाच्या निमित्ताने ओक ट्री रोडवर मैत्रिणी जमवलेल्या. मी उरलो नातवाच्या वाट्याला. आणि नातवाला त्या वर्षी, म्हणजे 2025 साली, एकच विषय होता. ड्राफ्ट.

त्याने समजावलं ते असं. दर जूनमध्ये एनबीएचे संघ कॉलेजातली आणि परदेशातली पोरं आळीपाळीने उचलतात. मोसमात जो संघ जास्त हरला, त्याला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. मात्र पहिल्या चार नंबरांसाठी 14 चेंडूंतून 4 काढून सोडत होते, नाहीतर सगळेच मुद्दाम हरतील. सोडत असूनही हरतात ती गोष्ट वेगळी. मुलाच्या मित्रमंडळींत यावर दरवर्षी पैज लागते: पहिल्या फेरीची तीस नावं आधीच क्रमाने लिहून द्यायची, नाव बरोबर नंबरावर पडलं की एक गुण. मी म्हटलं, माझंही नाव घाला. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हाला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही.” मी म्हटलं, मला भुसारातलंही काही कळत नव्हतं, तरी मी अख्ख्या पेठेला कर्जं दिली. त्यातली किती बुडाली हे त्याने विचारलं नाही. पोटचा पोर आहे शेवटी.

नशीब असं की अर्जदार दारातच होते. एडिसनला लागून पिस्कॅटवे, तिथे रट्गर्स विद्यापीठ, आणि त्यांच्या संघात डिलन हार्पर आणि एस बेली ही दोन पोरं, दोघंही पहिल्या पाचांत जाणार असं जो तो म्हणत होता. नातवाने मला सामन्याला नेलं. मी कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि आतून थर्मल असा बंदोबस्त करून गेलो, आत गेल्याबरोबर उकाड्याने चष्म्यावर वाफ धरली, ती पुसेपर्यंत पाचसहा बास्केट होऊन गेले, पुसल्यावर सगळेच उंच आणि सगळेच पळणारे, तेव्हा मी शांतपणे एका जागी सापडेल अशा मुलावर लक्ष केंद्रित केलं. बाकाच्या टोकाला बसलेला, ताडमाड, पण काय नम्रता! दमून आलेल्याला टॉवेल देतो, पाणी देतो, सांडलेलं पुसतो. मी वहीत त्याला भरभरून गुण दिले. नातू वाकून बघत म्हणाला, “आजोबा, तो खेळत नाही. तो मॅनेजर आहे.”

एवढ्या लहान वयात मॅनेजर! मी आणखी पाच गुण वाढवले.

हार्परबद्दल मी लिहिलं, ‘जामीनदार भक्कम’, कारण त्याचे वडील रॉन हार्पर शिकागो आणि लॉस एंजेलिसकडून मिळून पाच अजिंक्यपदं जिंकलेले. पण पोरगा सगळं डाव्या हाताने करत होता, म्हणून पुढे ‘वेळीच सवय लावली नाही’ अशी पुस्ती जोडली. शिवाय असे दोन हिरे घरात असून रट्गर्सने त्या मोसमात 15 सामने जिंकले आणि 17 हरले. तोट्यातल्या पेढीच्या भागीदारांना मी जन्मात कधी कर्ज दिलं नाही.

मे महिन्यात शिकागोला सगळ्या उमेदवारांची मापं काढतात. बूट काढून उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उभ्याने हात कुठवर पोचतो, जागच्या जागी उडी किती. तिथे एस बेलीची उंची निघाली 6 फूट साडेसात इंच. कॉलेजच्या कागदावर होती 6 फूट 10. कागदपत्रांत अडीच इंचांची तफावत! मी त्याला तिथल्या तिथे बाविसाव्या नंबरावर ढकलला. उलट ड्यूकचा खामन मालुआच, दक्षिण सुदानचा, बूट काढूनही सात फुटांच्या वर, आणि टाचा न उचलता त्याचा हात साडेनऊ फुटांवर पोचत होता. रिंग असते दहा फुटांवर. याला म्हणतात तारण. पहिला नंबर त्याचा.

आता ही मापं नेमकी काढतात कशी, हे कळल्याशिवाय बँकेचा माणूस सही करत नाही. घरात कुणी नाही असं बघून मी तळघरात गेलो. उभ्याने हात पोचतो तिथे खूण करायची आणि उडी मारून दुसरी, म्हणून बोटं हळदीत बुडवली, भिंतीला खेटून उभा राहिलो, ताणून पहिला ठसा उमटवला. मग गुडघे वाकवले, त्यातून जो आवाज आला त्याकडे दुर्लक्ष केलं, देवाचं नाव घेतलं आणि सर्व शक्तीनिशी उसळी मारली. खाली आलो तेव्हा सूनबाई जिन्यात उभी होती. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर पाच बोटांचे दोन पिवळे ठसे होते. दुसरा पहिल्याच्या खाली होता.

“बाबा, वास्तुशांत झाली आहे आपली,” एवढंच ती म्हणाली.

नातवाला माझी काळजी वाटत असावी, कारण त्याने मग मला इतिहास शिकवायला घेतला. 1984 साली पोर्टलंडने दुसऱ्या नंबरावर सॅम बोवी घेतला, तिसऱ्यावर शिकागोला मिळाला मायकेल जॉर्डन. 2007 साली केव्हिन ड्युरंटला चाचणीत 185 पौंडांचं वजन एकदाही उचलता आलं नाही, आणि पोर्टलंडनेच पहिल्या नंबरावर ग्रेग ओडेन घेतला, ज्याच्या गुडघ्यांनी त्याला सगळे मिळून 105 सामने खेळू दिले. मी टेबलावर थाप मारली. हे पोर्टलंडवाले माझे कुणीतरी लागत असणार! डॉक्टर, मापाडी, फिल्म बघणारे, घरच्यांची चौकशी करणारे, सगळा लवाजमा पदरी ठेवूनही त्यांनी गॅरेजवाल्याला परतच पाठवला की नाही? नातू म्हणाला, “पण आजोबा, 1984 लाच ह्यूस्टनने पहिला ओलाजुवान घेतला, ते चुकले नाहीत.” असली फाजील माहिती शाळेत देत असतील.

25 जूनच्या रात्री ब्रुकलिनला ड्राफ्ट झाला आणि आमच्या तळघरात समोसे. पहिला नंबर डॅलसचा. सोडतीत त्यांना फक्त 1.8 टक्के शक्यता होती, तरी तो लागला. त्यांनी घेतला कूपर फ्लॅग, आणि तळघरातल्या प्रत्येकाला आयता एक गुण मिळाला, कारण फ्लॅग पहिला जाणार हे ओक ट्री रोडवरच्या मिठाईवाल्यालाही ठाऊक होतं. मी त्याला नववा टाकला होता. मेनमधलं न्यूपोर्ट, गाव लहान. वय अठरा, म्हणजे कायद्याने नुकती सही करण्याजोगं. एकोणिसाव्या वर्षाच्या आत मी कुणाला सायकलसाठीही कर्ज दिलेलं नाही.

दुसरा गेला डावखुरा हार्पर, सॅन अँटोनियोला. पाचवा गेला बेली, युटाला, अडीच इंच कमी असूनसुद्धा. माझं तारण दहाव्या नंबरावर उठलं. सोळाव्याला चीनचा यांग हानसेन आला तेव्हा सगळं तळघर “कोण?” म्हणून ओरडलं आणि मला जरा बरं वाटलं, हे नाव कुणाच्याच यादीत नव्हतं, म्हणजे निदान एका बाबतीत मी सगळ्यांच्या बरोबरीने होतो. तो शेवटी गेला पोर्टलंडला. सूनबाईने ज्या आडनावांचा उच्चार जमतो ती वर, अशी यादी केली होती. तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. अर्थात, एक पडला तरी ते जास्तच होते.

तरीही दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या फेरीला मी एकटा टीव्हीसमोर बसलो. खरी पारख तिथे लागते. 2015 साली आपल्या पंजाबातल्या सतनामसिंगला डॅलसने याच फेरीत, 52 व्या नंबरावर उचललं होतं. आणि निकोला योकिच 2014 साली 41 वा गेला, तेव्हा टीव्हीवर खाण्याच्या पदार्थाची जाहिरात चालू होती आणि त्याचं नाव नुसतं खालच्या पट्टीवर आलं. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा मी ठरवलं, खेळाडू दिसोत न दिसोत, जाहिराती सोडायच्या नाहीत. मोटारीची लागली, विम्याची लागली, पिझ्झ्याची लागली, मी खुर्ची पुढे ओढून खालच्या पट्टीवर डोळे लावून बसलो, आतून ही ओरडली की गॅसवर दूध ठेवलंय, जरा लक्ष असू द्या, मी म्हटलं, आहे की.

योकिच काही दिसला नाही. त्या घरात त्या मोसमातली सगळ्यात चांगली उभी उडी मात्र दुधाने मारली.