मोरीतल्या मुंग्या

"अगं, जरा कुंपणापाशी ये. आमच्या मोरीत मुंग्यांची रांग लागलीय. तुमच्याकडे आहे का?"

"नाही हो काकू. काकांची शुगरची गोळी बदलली का?"

"अय्यो! तुला कसं कळलं?"

"डापाग्लिफ्लोझिन दिली असेल. माझी भाची इथेच, म्हैसूरला फार्मसी शिकते ना, जेवताना दुसरा विषय नसतो. देवराज मार्केटात हमाल असतात, तशी पेशींच्या भिंतीत प्रथिनं असतात. मूत्रपिंडात रोज 180 ग्रॅमच्या आसपास साखर गाळली जाते, आणि हे हमाल ती उचलून परत रक्तात आणतात. एसजीएलटी-2 म्हणून एक आहे, नव्वद टक्के माल त्याच्याच डोक्यावर. ही गोळी त्यालाच अडवते. मग साखर जाणार कुठे?"

"मोरीत! शी बाई. आणि हे म्हणतात, आता मैसूरपाक चालेल."

"चालेल कसला? डबा लपवा आधी."

"महाग असेल गं गोळी?"

"होती. 2020 मध्ये पेटंट संपलं आणि आपल्या कंपन्या तुटून पडल्या. त्याआधी 2019 मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने याच कुळातली रेमोग्लिफ्लोझिन आणली, जगात सगळ्यात आधी भारतात. मूळ पदार्थ सापडला 1835 मध्ये, सफरचंदाच्या झाडाच्या सालीत. पण तो आतड्यातल्या हमालांनाही अडवायचा, जुलाब लागायचे."

"जुलाबाची गोळी मी परवाच घेतली."

"लोपेरामाइड? ती अफूच्या गोतावळ्यातली!"

"अगं बाई!"

"घाबरू नका. मेंदूच्या वेशीवर पी-ग्लायकोप्रोटीन बसलेलं असतं. आत घुसणारा माल ते उचलून बाहेर टाकतं. म्हणून नेमक्या मात्रेत नशा नाही, नुसतं पोट थांबतं. पण हेच शहाणं कर्करोगाच्या पेशीत बसलं की केमोचं औषधही बाहेर फेकतं. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींतच ते 1976 मध्ये टोरांटोत सापडलं. आता नवं औषध काढायचं तर आधी याची मर्जी बघावी लागते."

"बरं, परवा आषाढी. हे निर्जळी करतात."

"या गोळीवर निर्जळी? मुळीच नको! लघवीवाटे पाणी आधीच जास्त जातं, त्यात पोट रिकामं. रक्तातलं आम्ल वाढलं तर दवाखाना गाठावा लागेल. डॉक्टरांना विचारा आधी."

"मग त्यांच्या वाटचा उपास मीच करते."

"करा. त्यांच्या वाटची खिचडी मात्र खाऊ नका."